काकांचे चार ओमचे स्पीकर, आणि त्यांच्यासाठी घेतलेले दोन रिसीव्हर

पार्श्वभूमी

हे प्रकरण बडोद्यातलं, दांडिया बाजारच्या बाजूचं जुनं घर, खाली बैठक आणि वर माळा. नावं देत नाही, नुसतं काका म्हणतो, आमच्याकडे तसंही सगळे त्यांना काकाच म्हणतात. वय ऐंशीच्या आसपास. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शिकायला आणि मग नोकरीला बॉस्टनकडे होते, आणि परत येताना बोटीनं जे सामान आलं त्यात एआर-३ए स्पीकरची जोडी होती. ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी सांगतो, अकूस्टिक रिसर्च ही तिकडचीच, केंब्रिज मॅसॅच्युसेट्सची कंपनी, १९५४ ची, आणि ३ए हे मॉडेल १९६७ चं. बारा इंची वूफर म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, वर मिडरेंज (मधला आवाज) आणि ट्वीटर (बारीक आवाज) असे दोन छोटे घुमट म्हणजे डोम, सगळं बंद पेटीत. पेटी बंद असते ते उगाच नाही, आतली कोंडलेली हवाच वूफरच्या मागे स्प्रिंगचं काम करते, म्हणून एवढ्याशा पेटीतून एवढा खाली जाणारा आवाज येतो. एकेक डबा चोवीस किलोच्या आसपास.

काकांनी ते नव्वदच्या दशकापर्यंत एका देशी अँप्लिफायरवर चालवले, तो जळाला, मग नोकरी मुलं लग्नं यात स्पीकर माळ्यावर गेले ते गेलेच. ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्रीला पूर आला तेव्हा बैठकीतलं सामान रातोरात वर न्यावं लागलं आणि वर जागा करताना गोधड्यांच्या खाली हे दोन डबे सापडले. पूर ओसरला, गाळ काढून झाला, आणि काकांनी मला फोन केला, "अरे तू इन्स्ट्रुमेंटेशनवाला ना, मग हे चालू करून दे." मी रिटायर आहे, मीटर आणि सोल्डरिंग आयर्न घरात आहे, नाही म्हणायचं काही कारण नव्हतं.

अडचण नेमकी काय होती

काकांच्या लेखी अडचण सोपी होती, स्पीकर आहेत, टर्नटेबल आहे, शंभरेक एलपी आहेत, फक्त मधला एक जुना रिसीव्हर, म्हणजे रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच डब्यात, पाहिजे, सत्तरच्या दशकातला, अल्युमिनियमच्या चेहऱ्याचा, रात्री डायल उजळणारा. पुतण्या म्हणाला काका कशाला, छोटा क्लास-डी अँप येतो हातात मावेल एवढा, चार ओमवर आरामात चालतो. त्याचं चुकीचं नव्हतं. पण त्याला फोनो इनपुट, म्हणजे टर्नटेबल जोडायची जागा, नाही, रेडिओ नाही, आणि काकांना गोल फिरवायचं जड बटण पाहिजे होतं. हौस हा पण एक स्पेसिफिकेशनच आहे, तो आधीच मान्य केला की पुढचे वाद वाचतात.

खरी अडचण स्पीकरच्या मागे लिहिलेली होती: ४ ओम. ओम म्हणजे करंटला होणारा विरोध, तो जितका कमी तितका करंट जास्त. मीटर लावला तर तीनच्या आतबाहेर दाखवत होता. ते बरोबरच आहे, मीटर डीसी, म्हणजे एकाच दिशेच्या करंटचा, रेझिस्टन्स मोजतो आणि तो लिहिलेल्या ओमपेक्षा कमीच येतो, आठ ओमचा स्पीकर साधारण सहा दाखवतो. पण एक गोष्ट मला तेव्हा सुचायला हवी होती आणि सुचली नाही. तो आकडा फक्त वूफरचा असतो, मिडरेंज आणि ट्वीटर कपॅसिटरच्या मागे असतात, डीसी तिथपर्यंत जातच नाही. म्हणजे मीटर ठीक म्हणाला याचा अर्थ वूफर ठीक, बाकी दोघे जिवंत की मेलेले हे कळलंच नाही. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

चार ओमनं काय बिघडतं? अँपनं २० व्होल्ट दिले तर आठ ओमवर अडीच अँपिअर जातात, ५० वॅट. तेच २० व्होल्ट चार ओमवर दिले तर ५ अँपिअर, १०० वॅट. ऐकायला छान वाटतं, फुकटात दुप्पट. पण तो दुप्पट करंट ट्रान्सफॉर्मरनं आणि आउटपुट ट्रान्झिस्टरनं पुरवायचा असतो, आणि बऱ्याच छोट्या रिसीव्हरमधे दोन्ही तेवढे दमदार नसतात. गरम होतात, आवाज चिरका होतो, आणि चिरका आवाज, म्हणजे क्लिपिंग, हाच ट्वीटर जाळतो. लोकांना वाटतं मोठा अँप स्पीकर जाळतो. छोटा अँपही जाळतो, त्याला ओरडायला लावलं म्हणून.

पहिला निर्णय, जो घाईत झाला

वूफरच्या कडेचा फोम पापडासारखा झाला होता, बोट लावलं की पावडर. तो बदलायलाच हवा हे दिसत होतं, त्यामुळे ते काम लगेच झालं. रावपुऱ्याकडचे एक रिपेरिंगवाले भाई आहेत, त्यांनी फोमची रिंग मागवली, कॉइल मधोमध राहावी म्हणून आत प्लॅस्टिकच्या पट्ट्या घालून चिकटवली, पंधरा दिवसात दोन्ही वूफर तयार. बसवल्यावर हलकेच दाबून बघितलं, कोन सावकाश परत येतो का, झटकन आला तर पेटीतून हवा गळतेय असं समजायचं. सावकाश आला. आम्ही खूष.

आणि इथेच दिवाळी आली. काकांना दिवाळीच्या पहाटेला स्पीकर वाजायला हवे होते. पुतण्या कामानिमित्त भावनगरला जाणार होता, तिथून पुढे आलंगला. आलंगला जहाजं तोडतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्या जहाजांतलं सामान विकणारी दुकानं आहेत हे गुजरातबाहेर फार कोणाला माहीत नसतं, पलंग, भांडी, फ्रिज, आणि क्रूच्या खोल्यांमधले म्युझिक सिस्टम. तिथून त्यानं एक जपानी रिसीव्हर आणला, ११ हजाराला. कंपनी सांगत नाही कारण तिची काही चूक नव्हती. चेहरा सुंदर, चॅनलमागे २५ वॅट, आठ ओमवर. मला फोटो पाठवला होता त्यानं, मी म्हटलं "घे." ही माझी चूक, लिहून ठेवतो. मागची पाटी बघितली नाही. मी समोरचा फोटो बघितला, डायल बघितला.

मागच्या पाटीवर लिहिलं होतं १०० व्होल्ट. म्हणजे खास जपानच्या बाजारासाठी बनवलेला. आपल्याकडे २३०, रात्री बडोद्यात २४० पण होतात. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आणला तर दुकानात सहज मिळाला तो ११० चा, त्यामुळे सेट कायम दहा टक्के जास्तीवर. वरून जपानचा एफएम बँड त्या काळी ७६ ते ९० मेगाहर्ट्झ, आणि बडोद्यात ऐकायची स्टेशनं सगळी ९१ च्या पुढे. डायल उजळतो, सुई फिरते, आणि पूर्ण बँडवर नुसता सूंऽऽ. काकू म्हणाल्या, "एवढा रेडिओ आणला आणि विविध भारती लागत नाही?" काय उत्तर देणार.

दिवाळीच्या पहाटे

अभ्यंगस्नानानंतर काकांनी अमीर खाँसाहेबांची एलपी लावली. खर्जातला तो आवाज त्या बारा इंची वूफरमधून आला तेव्हा काका काही बोलले नाहीत, नुसते बसले. पण पाच मिनिटांनी म्हणाले, "अरे हे गोधडीतून ऐकल्यासारखं का वाटतंय?" आणि खरंच, तानपुऱ्याची जवारी, म्हणजे ती झणझण, नव्हती. तबल्याच्या चाटीची धार नव्हती. ट्रेबल पूर्ण फिरवलं, फरक नाही. व्हॉल्यूम अर्ध्यावर नेला तर दहा मिनिटात वरची जाळी हात लावता येईना इतकी तापली, आणि तबल्याच्या थापेला आवाज फुटायला लागला.

आम्ही तिघांनी मिळून निष्कर्ष काढला: रिसीव्हर भंगार आहे. दोन गोष्टींबद्दल ते बरोबर होतं, तापणं आणि फुटणं. तिसऱ्याबद्दल, म्हणजे त्या गोधडीबद्दल, साफ चूक. पण ते कळायला चार महिने लागले.

पर्याय

तो सेट बंद करायच्या आधी मी एक काम मात्र नीट केलं. काकांना म्हटलं तुम्हाला जसं ऐकायला आवडतं तसा व्हॉल्यूम ठेवा, आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर एसीवर ठेवून बसलो. संथ आलापाला साधारण २ व्होल्टच्या आसपास. २ चा वर्ग ४, भागिले ४ ओम, म्हणजे १ वॅट. हो, एक. रविवार सकाळचा काकांचा आवाज २.८ व्होल्ट, म्हणजे २ वॅट. पण हे सरासरी. तबल्याची थाप सरासरीच्या १५ डेसिबल वर गेली तर वॅट तीसपट लागतात, म्हणजे रविवारी साठ. तेव्हा कळलं की २५ वॅटवाला का फुटत होता, आणि हेही कळलं की काकांना १५० वॅटचा राक्षस नकोय, साठ-सत्तरचा दणकट पुरे.

जुन्या सेटवरचे वॅट वाचताना साल बघा. १९७४ ला अमेरिकेत एफटीसी या सरकारी व्यापार आयोगानं नियम केला की वॅट सांगायचे तर किती ओमवर, कुठल्या फ्रिक्वेन्सीपासून कुठपर्यंत, डिस्टॉर्शन किती हे पण सांगा, आणि सेट आधी एक तृतीयांश पॉवरवर तासभर तापवून मग मोजा. त्याआधी 'म्युझिक पॉवर' वगैरे नावाखाली कोणी काहीही छापायचं. आपण हसायला नको, आपल्याकडे नव्वदीत टू-इन-वनवर पीएमपीओ हजार वॅट लिहिलेलं असायचं आणि आत सहा इंचाचा स्पीकर.

तर समोर आलेले पर्याय. मुंबईत एकाकडे मॅरँट्झ २२३० होता, निळ्या डायलवाला, काकांचा जीव त्यावरच. ३० वॅट. दिसायला राजा, पण आमचं गणित साठचं, आणि किंमत चेहऱ्याची मागत होते. मी नको म्हटलं, काका दोन दिवस माझ्याशी कमी बोलले. दुसरा पायोनियर एसएक्स-७८०, सुरतेत, ४५ वॅट, किंमत चांगली. याच्या आउटपुटला सुटे ट्रान्झिस्टर नाहीत, एसटीके नावाचा जाड पॅक असतो. पॅक चांगला चालतो, पण चार ओमवर दमवून तो गेला तर आज बाजारात त्या नंबरचे नकली पॅक मिळतात, वरून छापील नंबर तोच, आत भलतंच. भाईंनी एका वाक्यात निकाल दिला, "काका, एमां हाथ नहीं नाखवानो," म्हणजे त्यात हात घालायचा नाही. त्यांच्या या एका वाक्याला मी कुठल्याही स्पेसिफिकेशनपेक्षा जास्त वजन दिलं, कारण उद्या सेट उघडायचा आहे तो त्यांनीच.

तिसरा पायोनियरचाच एसएक्स-८५०, १९७६ च्या मालिकेतला. ६५ वॅट, एफटीसीनंतरचा आकडा. आउटपुटला सुटे ट्रान्झिस्टर, स्पीकर वाचवायला रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच. भरूचमधे एका कुटुंबाकडे, ते लोक कुवेतहून परतले तेव्हा आणलेला, आणि म्हणूनच मल्टिव्होल्टेज, मागे सिलेक्टर. आखाती देशांतून आलेले सेट शोधा असं मी आता सगळ्यांना सांगतो, ते आपल्या व्होल्टेजला चालतात आणि एफएम बँड १०८ पर्यंत असतो. मागत होते ३८ हजार. पुतण्याचा क्लास-डी आठ हजारात येत होता, हे पण लिहायला हवं. तो पर्याय शेवटपर्यंत टेबलावर होता आणि नुसत्या आवाजाचं बघितलं तर तो कमी पडला असता असं मला आजही वाटत नाही.

भरूचची फेरी

फेब्रुवारीत आम्ही तिघे गेलो. यावेळी मी समोरचा चेहरा सोडून मागून सुरुवात केली. सिलेक्टर २२० वर होता, तो २४० वर केला. ज्या ट्रान्सफॉर्मरला २२० अपेक्षित आहे त्याला रोज २४० दिले तर आतले सगळे व्होल्टेज नऊ टक्के वर जातात, पन्नास वर्षांच्या कपॅसिटरना ती शिक्षा कशाला.

मग सिरीज बोर्ड. आपल्या प्रत्येक वायरमनकडे असतो तोच, १०० वॅटचा पिवळा बल्ब आणि त्याच्या मागे सॉकेट. सेट बल्बमधून चालू केला. बल्ब एकदम पेटला आणि दोन सेकंदात मंद झाला, म्हणजे आतले कपॅसिटर भरले, शॉर्ट नाही. बल्ब तसाच ढणढण राहिला असता तर चहा पिऊन परत आलो असतो. थोड्या वेळानं आतून 'टक' असा रिलेचा आवाज. मग बल्ब काढून थेट लाईनवर, स्पीकर न लावता टर्मिनलवर डीसी मोजला: डावीकडे २२ मिलिव्होल्ट, उजवीकडे ६८. मी पन्नासच्या आत असला तर निर्धास्त असतो, म्हणजे उजव्या बाजूला काम आहे. सोबत नेलेले दोन स्वस्त स्पीकर लावले, काकांचे नाही. उजवा चॅनल हळू आवाजाला गायब व्हायचा आणि व्हॉल्यूम वाढवला की येऊन बसायचा, हे रिलेचे कॉन्टॅक्ट काळे पडल्याचं लक्षण. मधेच पावसाच्या थेंबासारखी चरचर. हे सगळं मालकांना दाखवलं, भांडण न करता, त्यांनाही पटलं, ३१ हजारात ठरलं.

भाईंनी रिले बदलला, बटणांत कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, आणि चरचरीसाठी इनपुटचे ट्रान्झिस्टर बदलले. त्या काळच्या पायोनियरमधे टू-एसए-७२६ नावाचा ट्रान्झिस्टर असतो, तो म्हातारपणी आवाज करतो, त्याजागी केएसए९९२ बसतो. ते बदलल्यावर उजवीकडचा डीसी पण १५ वर आला. खर्च साडेचार हजार.

आणि तरीही गोधडी

मार्चमधे सेट काकांकडे लागला. तीच एलपी. आवाज मोठा, थाप घट्ट, जाळी जेमतेम कोमट. आणि जवारी? नाही. तशीच गोधडी.

काकांनी माझ्याकडे बघितलं. पस्तीस हजार गेले होते आणि दोन वेगवेगळे रिसीव्हर एकच चूक करत होते, म्हणजे चूक त्यांची नव्हती हे आता शेंबड्या पोरालाही कळलं असतं. भिंतीकडून स्पीकर फिरवला. एआर-३एच्या मागे दोन गोल बटणं असतात, एक मिडचं एक ट्वीटरचं, प्रत्येकाचा आवाज कमीजास्त करायला. ट्वीटरचं बटण फिरवलं, खर्रर्र, आणि क्षणभर, एक सेकंदच, तानपुरा झणझणला आणि गेला. काका खुर्चीतून उठलेच.

त्या बटणांच्या आतले पॉट, म्हणजे आवाज कमीजास्त करणारे रेझिस्टर, गंजलेले होते. जगभर या मॉडेलची ही सगळ्यात प्रसिद्ध खोड आहे आणि मला ती माहीत नव्हती, मी शोधलीच नाही, कारण मी रिसीव्हर शोधत होतो. वूफर काढून पेटी उघडली (आत ग्लासवूल असतं, ग्लोव्ह्ज घाला, मी घातले नाहीत आणि दोन दिवस खाजवत होतो). चार पॉटपैकी तीन घासून साफ झाले, एक खाल्लेलाच होता, त्याजागी नवा बसवला. क्रॉसओव्हरमधले, म्हणजे आवाज तिन्ही स्पीकरमधे वाटून देणाऱ्या सर्किटमधले, कपॅसिटर मोजले, १५०, ५० आणि ६ मायक्रोफॅरडचे, त्यातले ६ वाले दोन्ही बाजूंना बदलले. उजव्या पेटीत अजून एक गंमत. मागच्या टर्मिनलवर १, २ आणि टी असे तीन स्क्रू असतात, २ आणि टी मधे धातूची पट्टी लागते. ती पट्टी सैल होती. वूफर परत लावताना कडेला पुट्टी नीट दाबली, नाहीतर हवा गळायची.

खर्च बाराशे रुपये.

निकाल

संध्याकाळी परत तीच एलपी. काका म्हणाले, "हां." एवढंच. काकू स्वयंपाकघरातून आल्या, पोळी लाटायचं सोडून, आणि नाट्यसंगीत लावा म्हणाल्या.

एकूण हिशोब: फोम साडेपाच हजार, पहिला रिसीव्हर ११ हजार (तो नंतर सात हजाराला गेला, घेणाऱ्याला १०० व्होल्ट आणि एफएमचं सगळं सांगून), ट्रान्सफॉर्मर १८००, दुसरा रिसीव्हर दुरुस्तीसकट साडेपस्तीस, पॉट आणि कपॅसिटर बाराशे.

परत करायचं झालं तर

सगळ्यात आधी कुठून तरी एक धडधाकट अँप उसना आणून स्पीकर वाजवले असते, प्रत्येक डोमला कान लावून. अर्ध्या तासाचं काम. ते केलं असतं तर दिवाळीलाच जवारी ऐकू आली असती आणि पहिल्या रिसीव्हरवर नको तो आळ आला नसता. तरी तो बदलायलाच लागला असता, तापत होताच, पण चार महिने आम्ही जे 'जपानी सेटचा आवाजच मातट असतो' असं ज्ञान एकमेकांना वाटत होतो ते तरी टळलं असतं.

मीटरचा तो व्होल्ट मोजायचा प्रयोग खरेदीच्या आधी करता आला असता, उसन्या अँपवरच. आणि फोटो मागवायचा तर मागच्या पाटीचा. मॅरँट्झला नको म्हटलं त्याबद्दल मात्र अजून मनात आहे. काका दर रात्री डायलकडे बघत बसतात, आणि सांगायचं तर निळा डायल त्यांना जास्त आवडला असता, आणि रविवार सोडला तर ३० वॅटमधे भागलं पण असतं. मी गणित बघितलं, त्यांनी रविवार कमी केला असता का हे विचारलं नाही. पुतण्या म्हणतो विचारायला हवं होतं. असेल.

रिसीव्हरवरचं एक बी-स्पीकरचं, म्हणजे स्पीकरच्या दुसऱ्या जोडीचं, बटण उरलंय. काकांना स्वयंपाकघरात पण एक जोडी हवी आहे काकूंसाठी. ए आणि बी एकत्र दाबले की चार ओमच्या बरोबर आठ ओम समांतर लागतात, जेमतेम पावणेतीन ओम होतात, आणि अशा सेटवर दोन्ही जोड्या एकदम चालवायच्या तर प्रत्येक जोडी आठ ओमची लागते. त्या बटणावर मी सध्या चिकटपट्टी लावून ठेवली आहे. स्पीकर आता दोन फूट उंच सागवानी स्टुलांवर आहेत, विश्वामित्रीसाठी.